काही येत नाही हिला

मॉयरा गॅलब्रेथ योकोदानीत आली तेव्हा तिला जपानीतले दोन-चारच शब्द येत होते आणि तेही ती भलत्या ठिकाणी वापरायची. आता ती गावच्या म्हाताऱ्यांसारखी बोलते. अगदी तशीच. वाक्याची शेपटी गिळते, 'हो' म्हणायच्या आधी एक उसासा टाकते आणि थंडी वाजली की हवेला शिव्या देते. शिमानेच्या या डोंगरात आमची तरुण पोरंसुद्धा आता असं बोलत नाहीत. ती टीव्हीवरचं शुद्ध बोलतात आणि आजीचं बोलणं कळलं नाही की मॉयराला विचारतात.

ती मूळची न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाची. बापाचा मेंढ्यांचा मोठा कळप होता. एखादं वर्ष शाळेत इंग्रजी शिकवायचं आणि परत जायचं असं ठरवून ती आली होती. राहायला जागा मिळाली फुसाए त्सुनेमात्सु या विधवा बाईच्या घरात, मागच्या खोलीत. एखाद्या वर्षाची कितीतरी वर्षं झाली. पहिलीला तिच्याकडे 'ॲपल, ॲपल' करणारी पोरं आता गाड्या चालवतात आणि रस्त्यात दिसली की काच खाली करून 'ॲपल' म्हणून ओरडतात. हसून मान डोलवण्यापलीकडे ती तरी काय करणार.

जपानी तिला फुसाए आजींनी शिकवलं. पुस्तक कधी उघडलंच नाही. लोणच्याचे मुळे मिठात दाबताना, छपरावरचा बर्फ ओढताना, रजई घातलेल्या गरम मेजाखाली पाय घालून संत्री सोलताना ते बोलणं तिच्या अंगात मुरलं. एवढं सगळं एकत्र होऊनही आजी तिला 'मॉयरा-सान' आणि 'तुम्ही'च म्हणायच्या. पाहुणा किती का वर्षं राहीना, पाहुणाच. चार बायका जमल्या की आजी सुरू व्हायच्या, "आमच्याकडच्या मॉयरा-सान म्हणजे काय सांगू. किती हुशार, किती नीटनेटक्या. आम्हालाच लाज वाटावी इतकं छान जपानी बोलतात." आणि कुणी मॉयरासमोर आजींचं कौतुक केलं तर तीही रीतीप्रमाणे म्हणायची, "हो ना, फार मायाळू आहेत. माझं नशीब." दोन्हीकडून गोड बोलणं चालायचं.

आजींच्या तोंडचं कडू सगळं त्यांच्या मुलाच्या, मासातोच्या वाट्याला. तो हिरोशिमात चांगल्या नोकरीवर आहे. "आमचा मासातो? दगड आहे दगड," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या आणि त्याच दुपारी त्याला पाठवायला मुळ्याच्या लोणच्याची पिशवी बांधायला घ्यायच्या. आपल्या माणसाला चारचौघांत नावं ठेवायची आणि समोरच्याने "छे छे, असं कसं म्हणता" म्हणून ती खोडून काढायची, ही इथली पद्धत. परक्याला मात्र कुणी नावं ठेवत नाही. परक्याचं कौतुकच करतात.

त्या हिवाळ्यात नगरपालिकेच्या शिक्षण विभागाचा माणूस शाळेत आला. मुख्याध्यापकांच्या खोलीत त्याने मॉयरासमोर कमरेतून वाकून मान खाली घातली आणि बराच वेळ ती वर काढलीच नाही. एप्रिलपासून इंग्रजीचे शिक्षक एक कंपनी पुरवणार होती. मॉयराने शाळेसाठी इतकं केलं, त्याचे आभार मानायला शब्द अपुरे आहेत, असं तो जमिनीकडे बघत म्हणाला. मार्चअखेर तिचं काम संपणार होतं.

देशात राहण्याचा कायमचा परवाना तिला कधीच मिळाला होता, पण परवान्याने काही पोट भरत नाही. योकोदानीत काम मिळालं नाही तर ओसाका गाठावं लागणार. भावाचाही न्यूझीलंडहून फोन आला, ये म्हणाला, मेंढ्या आहेतच. तिला खरी काळजी होती ती घराची. मासातोने मागेच स्पष्ट सांगितलं होतं, "मॉयरा-सान आहेत म्हणून आईला तिथे एकटीला राहू देतोय. त्या गेल्या की आई हिरोशिमाच्या वृद्धाश्रमात." जागासुद्धा बघून ठेवली होती त्याने. त्या वर्षी आजींनी लोणच्याला मुळे जरा जास्तच घातले, जणू पुढच्या वर्षी घालायला मिळणारच नव्हते.

तर मॉयरा काम शोधायला लागली. इंग्रजी सोडून कुठलंही. तिला जपानी येतं, हिशेब येतो, ट्रक चालवता येतो, माणसांशी बोलता येतं. इतकं असल्यावर काय अडतंय, असं तिला वाटलं.

पहिली मुलाखत मात्सुए शहरातल्या एका हॉटेलात. दारावर तीनदा टकटक, आत जाऊन वाकणं, बसा म्हटल्याशिवाय न बसणं, सगळं तिने काटेकोर केलं. मुलाखत घेणारा माणूस खूश झाला. म्हणाला, "आपलं जपानी फारच छान आहे."

मॉयरा मान खाली घालून म्हणाली, "नाही हो, कसलं छान. अजून फार कच्चं आहे. चुका होतात."

आजींनी शिकवलेलं तंतोतंत हेच. कुणी स्तुती केली की लगेच झटकून टाकायची. माणूस हसला, त्याने कागदावर काहीतरी लिहिलं आणि आठवड्याने उत्तर आलं: आपल्याला संधी देता येत नाही, आपल्या पुढच्या यशासाठी आम्ही प्रार्थना करतो. इथल्या कंपन्या नकार अशाच देतात, प्रार्थना करून. त्या हिवाळ्यात मॉयरासाठी इतक्या कंपन्यांनी प्रार्थना केली की एखाद्या देवळालाही तेवढ्या जमल्या नसत्या. यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याने तर वर विचारलं, आमच्या कामगारांना आठवड्यातून एकदा इंग्रजी शिकवाल का? पर्यटन कार्यालयाने सुचवलं, लहान मुलांना इंग्रजीत गोष्टी सांगा. कुठल्याही दारातून आत गेलं तरी इंग्रजीच्याच वर्गात बाहेर पडावं लागत होतं.

शाळेत कादोवाकी नावाच्या बाई आहेत. पोरांचे खरचटलेले गुडघे बघणं, ताप मोजणं हे त्यांचं काम, आणि जीभ अशी की आयोडीन बरं. त्यांनी एक दिवस मॉयराला औषधांच्या खोलीत बसवलं आणि विचारलं, "मुलाखतीत बोलतेस तरी काय?"

मॉयराने सांगितलं.

"म्हणजे त्यांनी तुझं जपानी छान म्हटलं आणि तू म्हणालीस कच्चं आहे?"

"असंच म्हणायचं असतं ना?"

"आम्ही म्हणायचं असतं, बाई. मी 'मला काही येत नाही' म्हटलं की समोरच्याला कळतं, हिला येतं. तू म्हटलंस की तो म्हणतो, अरेरे, बिचारी खरं बोलतेय." कादोवाकीबाईंनी कपाळावर हात मारला. "इतक्या ठिकाणी जाऊन स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलास तू."

"मग काय म्हणू?"

"हो म्हण. येतं म्हण. परदेशी आहेस, परदेश्यासारखं बोल की जरा."

हे ऐकायला सोपं होतं. घरी येऊन मॉयरा आरशासमोर उभी राहिली आणि "हो, माझं जपानी उत्तम आहे" असं घोकू लागली. पहिल्यांदा तर तिलाच लाजल्यासारखं झालं. आजी हातात धुण्याची बादली घेऊन दारातून चालल्या होत्या, त्या थबकल्या.

"मॉयरा-सान, बरं नाही का वाटत तुम्हाला?"

"सराव करतेय, आजी."

"कसला?"

"हो म्हणायचा."

आजींना काही उमगलं नाही. त्यांनी बादली खाली ठेवून तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

त्याच सुमाराला कुवामोतोंच्या किराणा दुकानाच्या दारावर पाटी लागली. कुवामोतोंची एक फिरती गाडी आहे, छोटा ट्रकच. तोफू, मासे, दूध, कांद्याची पात, बटाटे, औषधी पट्ट्या असं सगळं भरून ती डोंगरातल्या वरच्या वाड्यांवर जाते. तिथे आता म्हातारी माणसंच उरलीत. ना बस, ना दुकान. गाडीचं गाणं वाजलं की ती काठ्या टेकत रस्त्यावर येतात. गाडी चालवायचे कुवामोतोंचे मेहुणे, पण त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला होता. पाटीवर लिहिलं होतं, चालक हवा.

मॉयराने ती पाटी दोनदा वाचली. वरच्या वाड्या तिच्या पायाखालच्या होत्या. आजींची नणंद आणि मावसबहिणी तिथल्याच, दर उन्हाळ्यात आजी तिला घेऊन तिथे जायच्या. त्या घाटात ट्रक मागे घेणं म्हणजे काय, हे मेंढ्यांची गाडी चालवलेल्या माणसाला सांगायची गरज नव्हती. या वेळी चूक करायची नाही, असं ठरवून ती दुसऱ्याच दिवशी गेली.

कुवामोतो तिला चांगले ओळखत होते. वर्षानुवर्षं तोफू त्यांच्याकडचाच. पण ती मुलाखतीला आलीय म्हटल्यावर तेही ताठ बसले. त्यांची बायको हात्सुकोबाई चहा ठेवून गेली. कुवामोतोंनी घसा साफ केला आणि म्हणाले, "मॉयरा-सान, तुमचं जपानी म्हणजे फारच छान."

"हो," मॉयरा म्हणाली. "छान आहे. मला सगळं येतं. गाडीही उत्तम चालवते."

पलीकडे हात्सुकोबाई भांडी घासत होती, तो आवाज थांबला. कुवामोतोंनी कपातला चहा हळूहळू संपवला. वरच्या म्हाताऱ्यांच्या दारात उभं राहायचं ते माणूस असं आपणच आपली आरती ओवाळणारं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

"विचार करून कळवतो," ते म्हणाले.

'विचार करून कळवतो' म्हणजे नाही, हे इथे शेंबड्या पोरालाही कळतं. मॉयरा चालत घरी आली ती सरळ मागच्या खोलीत गेली आणि जेवायलाही बाहेर आली नाही. नाही म्हटलं तर ते खरं मानतात, हो म्हटलं तर उद्धट. आता तिसरं काय म्हणायचं माणसाने? एवढी वर्षं इथे काढून आपण नेमके कोण आहोत, हेच तिला कळेनासं झालं. तिने भावाला फोन लावायला घेतला आणि मग नुसतीच तो हातात धरून रडत बसली.

सकाळी आजींनी काही विचारलं नाही. गावात बातमी पाण्याहून लवकर खाली उतरते, त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी ठेवणीतला राखाडी किमोनो काढला, जो त्या फक्त कुणाच्या मयताला आणि लग्नाला घालायच्या. स्वतः वाळवलेल्या पर्सिमॉनच्या फळांची पेटी कापडात गुंडाळली. "चला," म्हणाल्या.

"कुठे?"

"चला म्हणते ना."

कुवामोतो दुकानात माल लावत होते. आजींना त्या पोशाखात बघून ते गडबडीने पुढे आले आणि हात्सुकोबाईही हात पुसत आली. आजी दोघांसमोर इतक्या वाकल्या की मॉयराला वाटलं, आता पडतात.

"काल आमच्या पोरीने तुमच्यापुढे तोंड वाजवलं म्हणे. माफ करा."

"छे छे, त्यात काय एवढं," कुवामोतो म्हणाले.

"नाही, चूक माझी आहे. वळण मीच लावलं ना. इतकी वर्षं माझ्या घरात आहे, पण हिला काही म्हणजे काही येत नाही. भात लावला की लगदा करते."

मॉयराच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आजींच्या तोंडून तिने स्वतःबद्दल वावगा शब्द कधी ऐकला नव्हता. आज, असल्या वेळी, या माणसांपुढे? तिला वाटलं, जमीन दुभंगावी.

"असं कसं म्हणता?" हात्सुकोबाई पटकन म्हणाली. "शाळेच्या खेळांच्या दिवशी हिने भाताचे गोळे केले होते ते माझ्या नातवाने वेचून वेचून खाल्ले."

"आळशी आहे. सकाळी उठवत नाही हिला."

"छे हो," कुवामोतो म्हणाले. "मी दुकान उघडतो तेव्हा ही बर्फ उपसत असते. तुमच्या दारातला झाला की शेजारच्या दारातला."

"गाडी चालवते ती मेंढ्या हाकल्यासारखी."

"नाही नाही, मागे बर्फात माझंच चाक नाल्यात गेलं होतं, ते हिनेच काढून दिलं. मला काही जमत नव्हतं."

"आणि बोलणं ऐकलंत? माझ्यासारखं गावंढळ. शहरातल्या माणसाला एक शब्द कळायचा नाही."

"पण वरच्या वाड्यांत शहरातलं आहे कोण? त्यांना तर असंच बोलणारं..." कुवामोतो बोलता बोलता थांबले. आपण काय बोलतोय ते त्यांच्या आत्ता ध्यानात आलं. त्यांनी बायकोकडे पाहिलं, बायकोने त्यांच्याकडे. आजींनी नावं ठेवायची आणि त्यांनी ती खोडायची, असं करत करत गडी आपल्याच पायाने येऊन जाळ्यात बसला होता.

आजींनी फळांची पेटी दोन्ही हातांनी पुढे सरकवली. "काय सांगू तुम्हाला," त्या म्हणाल्या. "दगड आहे दगड."

तो शब्द ऐकला आणि मॉयराच्या कानांतली आग एकदम विझली. हा शब्द तिने शेकडो वेळा ऐकला होता, याच सुरात, जगात फक्त एकाच माणसाबद्दल. ती मान खाली घालून उभी राहिली, आजींच्या शेजारी, तेवढीच वाकून. डोळ्यांतलं पाणी टपकन दुकानाच्या फरशीवर पडलं आणि ते कुणी पाहू नये म्हणून ती वाकलेलीच राहिली.

"निरुपयोगी आहे, पण आमची पोर आहे," आजी म्हणाल्या. "सांभाळून घ्या."

कुवामोतोंनी दोन्ही हात मांड्यांवर ठेवून मान लववली. "आमची गाडी जुनी आहे. तुमच्या पोरीला चालवायला आवडेल का, ते विचारा."

परतताना दोघी चढणीवर थांबल्या. आजींना दम लागला होता. मॉयराने पेटीवरच्या कापडाची घडी करून ती स्वतःच्या खिशात घातली.

"आजी, माझा भात खरंच लगदा होतो?"

"होतो."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं आपलं बोलायचं म्हणून बोलले." आजींनी श्वास घेतला. "हात दे जरा. बघत काय उभी राहिलीस."

तुम्ही नाही, मॉयरा-सान नाही. हात दे. मॉयराने हात दिला.

मासातोने हिरोशिमाच्या जागेला नको म्हणून कळवलं. फोनवर तो आईला म्हणाला, "म्हणजे आता आम्ही दोन दगड." आजी म्हणाल्या, "तू जरा मोठा."

एप्रिलमध्ये गाडीचं गाणं पुन्हा वरच्या वाड्यांत वाजायला लागलं. पहिल्या फेरीला म्हाताऱ्या लांबूनच बघत उभ्या होत्या. मॉयराने खाली उतरून फळी उघडली, हवेला एक शिवी घातली, वाऱ्याने कांद्याची पात कशी झोडपलीय ते त्यांच्याच बोलीत सांगितलं, आणि एक आजोबा काठी आपटत हसायला लागले. मग सगळे जवळ आले. आता तर एक बाई तिच्यासाठी रस्त्याच्या कडेला चहा घेऊन बसते आणि उशीर झाला की रागावते.

गाडीचा शेवटचा थांबा आमच्याच गल्लीच्या तोंडाशी असतो. मागच्या आठवड्यात तिथे चार-पाच जणी जमल्या होत्या. फुसाए आजी टोपली घेऊन सर्वांत मागे उभ्या होत्या. पुढे होत्या शेजारच्या इकुनोबाई. त्यांनी तोफू घेतला, पिशवीत घातला आणि सवयीने म्हणाल्या, "तुझं नशीब थोर हो. फुसाएबाईंसारखं मायाळू माणूस मिळायला भाग्य लागतं."

आजवर याचं उत्तर ठरलेलं होतं. हो ना, फार मायाळू आहेत. मॉयराने मोड परत देता देता वर पाहिलंही नाही.

"आमची म्हातारी?" ती म्हणाली. "छे. कटकटी आहे नुसती. लोणच्यात मीठ ओतते आणि सांगून ऐकत नाही."

"असं कसं, असं कसं," इकुनोबाई रीतीप्रमाणे म्हणाल्या आणि मग त्यांचा हात पिशवीवर तसाच राहिला. कुणी मागे वळून बघितलं नाही, पण सगळ्यांना मागे कोण उभं आहे ते माहीत होतं.

आजी पुढे आल्या. त्यांनी कांद्याची पात घेतली, दूध घेतलं. पैसे काढायला पाकीट उघडलं, पण नाणी काही बोटांत सापडेनात.

"मीठ जास्त होतं का?" त्यांनी विचारलं.

"होतं."

आजींनी मान हलवली. "मग मिठाचा एक पुडा दे," त्या म्हणाल्या आणि पाकीट तसंच उघडं ठेवून डोळे पुसायला रुमाल शोधू लागल्या.